वेळणेश्वर-हेदवीच्या कातळावर तीन रात्री: दिवसाच्या फेऱ्या कशा आखाव्यात?

कोपरीकर (ठाणे पूर्व)
जानेवारीअखेर शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ असा मुक्काम ठरलाय. घर वेळणेश्वर आणि हेदवीच्या मध्ये, कातळावर. चिऱ्याच्या भिंती, कौलं, विहिरीचं पाणी, जेवण सांगितलं तर मिळतं, बाकी काही नाही. खाली वाळू नाही, नुसता खडक. माणसं सहा: चार मोठे (त्यात सत्तरीची आई, गुडघे नाजूक), मुलं आठ आणि अकरा वर्षांची. गाडी एकच, सात सीटर.
कच्चा बेत असा: शनिवारी गोपाळगड, धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळ, पुढे पन्हाळेकाजी. रविवारी तवसाळवरून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. सोमवारी हेदवी, बामणघळ (खडकातली अरुंद भेग, भरतीला तिच्यातून पाणी उसळतं) आणि परत ठाणे. कापाकापी करा, राग येणार नाही.

सुकती (ऐरोली)
कापतो. पन्हाळेकाजी काढा. २९ लेणी, हीनयान काळापासून नाथपंथापर्यंतचं काम एकाच ओढ्याकाठी. हे धावत बघायचं प्रकरणच नव्हे. दाभोळला उतरून पुढे तास-सव्वा तास आतल्या रस्त्यानं जायचं, तेवढंच परत यायचं, वर फेरीची वाट बघायची. दापोलीत मुक्काम असेल तेव्हा ती करा.
पण खरा घोळ वेगळाच आहे. तुम्ही किलोमीटर मोजून बेत आखलाय. त्या किनाऱ्यावर दिवस भरती-ओहोटीवर आखायचा असतो. बामणघळ भरतीला बघायची, खडकातली डबकी ओहोटीला, आणि फेरीबोटीचा उतार ओहोटीला त्रास देतो. अंतरं सगळी लहानच आहेत. हेदवी-वेळणेश्वर दहाच्या आत, गुहागर वीसेक, तवसाळ पंधराच्या आसपास. वेळ चुकली तर मात्र बामणघळीपाशी कोरडी भेग बघून परत याल.
शनिवारी तिथी कोणती येते ते सांगा.

कोपरीकर
कॅलेंडरात शनिवारी शुक्ल द्वादशी आहे. पण तिथीचा काय संबंध? भरतीच्या वेळा मोबाइलवर मिळतात की.

सुकती
मिळतात, पण बऱ्याचदा ॲप जवळचं बंदर म्हणून मुंबई धरतं आणि त्या घराजवळ रेंज असेलच असं नाही. तोंडी हिशेब येत असलेला बरा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण पक्ष दोन्हीकडे हेच. दिवसातून दोनदा भरती, मधे साधारण सहा तासांवर ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासानं पुढे.
हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. गुहागरकडे पाणी अर्धा-पाऊण तास आधी चढतं, तेवढं वजा करा. म्हणजे तुमच्यासाठी:
शनिवार: भरती सव्वाआठ-साडेआठ, ओहोटी अडीचच्या सुमारास.
रविवार: भरती नऊच्या आसपास, ओहोटी सव्वातीन.
सोमवार: भरती पावणेदहा, ओहोटी चार.
पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे धरून चाला. तिथी सूर्योदयाची असते, क्षयतिथी आली की हिशेब थोडा हलतो.

दिवाळेकर (बेलापूर)
हिशेब बरोबर. एक भर घालतो. नुसती वेळ बघू नका, पाणी उधाणाचं आहे की भांगाचं तेही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप सुकतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही आणि धड सुकतही नाही. भांगाला बामणघळ बघायला गेलेली माणसं "काहीच नाही हो तिथं" असं सांगत फिरतात. द्वादशीपासून पुढे पाणी वाढतं आहे, त्यामुळे तुमचा शनिवार बरा, सोमवार सगळ्यात चांगला.
आपल्या खाडीत उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. तिकडे दोन-अडीच मीटरच. म्हणून इथे खाडीवर वाढलेल्या माणसाला तिथलं पाणी गरीब वाटतं. ते गरीब नाही, लाट उघड्या समुद्राची आहे. खाडीत पाणी चढतं, तिथे आपटतं.

पामबीच (नेरूळ)
जाण्यायेण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ठाण्याहून अंतर पावणेतीनशेच्या आसपास, वेळ सात ते आठ तास, आणि त्यातला अनिश्चित भाग पहिल्या निम्म्यात आहे. मुंब्रा बायपास-शीळफाट्यावर रात्री अवजड गाड्या सोडतात, तो टाळा. ठाणे-बेलापूर रोडनं उरण फाटा, तिथून पळस्पे. पहाटे साडेचारला कोपरीतून निघालात तर पेण-वडखळ उजाडायच्या आत मागे पडतं. इंदापूर आणि माणगाव ही दोन गावं सकाळी नऊच्या आत पार करा. बाजाराचा रस्ता आणि हायवे एकच असल्यानं तिथे तास कसा जातो कळत नाही. पुढे कशेडीच्या बोगद्यामुळे घाट वाचतो. खेड, लोटे, परशुराम घाट, चिपळूण.
चिपळूणहून गुहागर रस्त्यानं शृंगारतळी. पेट्रोल, एटीएम, औषधं, भाजी, मुलांचा खाऊ सगळं तिथेच उरका. पुढे हेदवीकडे जे मिळेल ते नशीब. रोख पैसे सुट्ट्यांसह ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत आणि फेरीच्या खिडकीवर मागे रांग खोळंबते. मग मोडकाआगरला गुहागरकडे न वळता पालशेतच्या बाजूनं वेळणेश्वर.
नकाशाचं एक खूळ सांगते. तो कधीकधी दाभोळ-धोपावे फेरी धरूनच जवळचा रस्ता दाखवतो. माणगाव सोडलं की मंडणगड-दापोलीकडे वळा म्हणाला तर ऐकू नका.

रेल्वेवाली (कळवा)
आईंना आठ तास गाडीत बसवण्यापेक्षा पहाटेची जनशताब्दी ठाण्याहून पकडून चिपळूणला उतरवा, हा एक पर्याय. गाडीवाले त्यांना तिथून घेतील. बसून, पाय मोकळे करत जाता येतं. दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडीही चिपळूणला थांबते, पण ती रमतगमत जाते. तिकीट साठ दिवस आधी उघडतं, प्रजासत्ताक दिनाचा शनिवार-रविवार जोडून येत असेल तर पहिल्याच सकाळी काढा.

कोपरीकर
हे आवडलं, आईसाठी हेच करतो. आता खडकाबद्दल सांगा. मुलांना डबकी बघायचीयत. धोका किती?

सुकती
धोका समुद्राइतकाच घाईतही आहे. चार गोष्टी.
पहिली, उतरायची वेळ. ओहोटीच्या तळाला उतरू नका, तळाच्या तासभर आधी उतरा आणि पाणी तळाला गेलं की परतायला लागा. शनिवारी तळ अडीचला, म्हणजे दीडला खाली, पावणेतीनला वर. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. माणूस पहिल्या तासाची गती बघून "अजून वेळ आहे" म्हणतो, आणि तिसऱ्या तासात दीड-दोन फूट पाणी अंगावर येतं. मधली घळ भरली की पुढचा खडक बेट होतो.
दुसरी, लाटेची रेषा. खाली जाण्याआधी वर उभं राहून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. लाटा सारख्या नसतात, मधूनच दोन-तीन मोठ्या येतात. खडक जिथवर ओला आहे तिथवर लाट येते, मग या क्षणी ती कितीही लांब दिसो. ओल्या रेषेच्या वर राहायचं. मुलांचं डबकं समुद्राच्या तोंडाशी नको, किनाऱ्याच्या बाजूचं निवडा. तेही चांगलंच असतं. खेकडे, शंखात राहणारे संन्यासी खेकडे, समुद्रफुलं, बारके मासे. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, खालचं जगणं उन्हात मरतं.
तिसरी, पाय कुठे ठेवायचा. हिरवं शेवाळ दिसतं म्हणून माणूस टाळतो. घसरायला होतं ते काळ्या, गुळगुळीत, ओल्या पट्ट्यावर. खडबडीत पांढुरक्या थरावर पाय धरतो, पण तिथे पडलात तर कातडी सोलते. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट.
चौथी, कड्याचं टोक. वर जांभा, खाली काळा खडक. जांभा सच्छिद्र, पाणी मुरून खालून पोखरतो आणि टोक पुढे लोंबतं. वरून बघताना ते कळत नाही. फोटोसाठी कडेपासून निदान आठ-दहा फूट आत उभे राहा. कुठे चीर दिसली तर तिच्याही आत.

डॉ_माजिवडा
कालवांनी कापलं तर जखम वरवर बारीक दिसते, पण आत कवचाचा चुरा राहतो आणि दोन दिवसांनी पाय सुजतो. गोड्या पाण्याच्या धारेखाली पाच मिनिटं धुवा, चिमट्यानं कण काढा, पोव्हिडोन-आयोडिन लावा, टिटॅनसचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर निघण्याआधीच घ्या. समुद्राच्या पाण्यानं धुऊन भागत नाही.
दुसरं फुरसं. रत्नागिरीच्या कातळावर ते भरपूर, हातभर लांबीचं, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारं. रात्री संडास-मोरी बाहेर असेल तर टॉर्च आणि बंद बूट, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत हात नाही, अंगणात पडलेले नारळ-झावळ्या मुलांनी उचलायच्या नाहीत. चावलंच तर आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं, चिरलं तर नुसता रक्तस्राव वाढतो. पाय हलू न देता १०८ला फोन किंवा स्वतःच्या गाडीनं थेट गुहागरचं ग्रामीण रुग्णालय. गंभीर वाटलं तर पुढे चिपळूणजवळ कामथे. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. घरात शिरताच मालकांना विचारून ठेवा की फोनला रेंज नेमकी कुठे येते. बहुतेकदा अंगणातला एखादाच कोपरा असतो.

मेडोज_टॉवर
गुहागरच्या बीचवर गाडी नेता येते का? वाळू कडक दिसते व्हिडिओत.

दिवाळेकर
नेऊ नका. ओहोटीला कडक दिसणारी वाळू चाकाखाली पाणी सोडते, एकदा चाक फिरलं की गाडी पोटावर बसते. मग ट्रॅक्टर शोधा, आणि भरती काही तुमच्या ट्रॅक्टरसाठी थांबत नाही. शिवाय तिथे कासवं अंडी घालतात.

पामबीच
कासवांवरून आठवलं. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची घरटी मोठ्या संख्येनं होतात. २०२३मध्ये तिथल्याच दोन माद्यांना उपग्रह टॅग लावले होते, 'बागेश्री' आणि 'गुहा'. पिल्लं समुद्रात सोडण्याचा हंगाम मात्र साधारण फेब्रुवारीअखेर ते मे. जानेवारीत पिल्लांची आशा मुलांना दाखवू नका, रुसतील.

किल्लेदार (कळवा)
गोपाळगड आणि जयगड यांत आईंसाठी गोपाळगड सोपा. अंजनवेलला गाडी जवळपर्यंत जाते, आत सपाट आहे. जमिनीच्या बाजूला खोदलेला खंदक आवर्जून बघा, समुद्राकडून येणाऱ्या शत्रूपेक्षा पठारावरून येणाऱ्याची भीती जास्त होती हे त्यावरून समजतं. किल्ला आदिलशाही काळातला, १६६०मध्ये शिवाजी महाराजांकडे आला, १६९९मध्ये सिद्दी खैरतखानानं घेतला, १७४५मध्ये तुळाजी आंग्र्यांनी जिंकून गोपाळगड नाव दिलं. आत कलमांची बाग आहे, फांद्यांना हात लावू नका. तटावर चढायचं तर पायऱ्या उंच आणि कठड्याविना आहेत, मुलांना पुढे सोडू नका. वरून वाशिष्ठीचं मुख आणि पलीकडे दाभोळ एका नजरेत येतं, म्हणजे किल्ला इथेच का, हे कोणी सांगायला नको. शेजारी टाळकेश्वर आणि दीपगृह. दीपगृह दुपारनंतरच उघडतं, सकाळी जाणार असाल तर ते सोडून द्या.
जयगडला दोन भाग: वरचा बालेकिल्ला आणि खाली खाडीलगतचा पडकोट. बालेकिल्ला पाऊण तासात होतो. पडकोटाची उतरण आईंना नको. कऱ्हाटेश्वरही त्याच कारणासाठी: देऊळ कड्यावर, गोमुखातलं गोडं पाणी बघायला पायऱ्या उतरून समुद्रापाशी जावं लागतं. मुलांना न्या, आईंना वर मंदिरात बसू द्या.

कोपरीकर
किल्लेदारसाहेब, दाभोळ पार सोडून द्यायचं का मग? अंडा मशीद आणि चंडिकादेवीचं भुयारी देऊळ बघायची इच्छा होती.

किल्लेदार
तेवढंच बघायचं असेल तर गाडी धोपाव्याला लावा आणि माणसं नुसती फेरीत बसून जा. पलीकडे मशीद धक्क्याच्या जवळच आहे. चंडिकादेवीला रिक्षा लागेल, आत अंधार आणि वाकून चालणं, आईंचा विचार करा. पण हे केलंत तर शनिवारची डबकी गेली. दोन्ही होणार नाहीत.

सुकती
मुलं आठ आणि अकरा. डबकी.

फेरीप्रवासी (खारघर)
रविवारच्या जयगड फेरीबद्दल. बोट साधारण तासातासानं, पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटं. गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं. शेवटच्या फेरीची वेळ जाताना खिडकीवर विचारून घ्या, हंगामाप्रमाणे बदलते. चढताना चालक सोडून सगळे उतरून चालत जा. आत गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा.
ओहोटीला धक्क्याचा उतार लांब आणि तिरका होतो, खालच्या टोकाला शेवाळ असतं. सात सीटरमध्ये मागे सामान असेल तर बोटीची फळी आणि उतार यांच्या कोनात मागचा बंपर घासतो. तुमची ओहोटी रविवारी सव्वातीनला, म्हणजे तीन-साडेतीनची परतीची फेरी टाळा. पाचनंतरची घ्या. पहिल्या गिअरमध्ये सावकाश, मधे थांबायचं नाही. ओल्या उतारावर थांबून पुन्हा उचलायला गेलं की चाक जागेवर फिरतं.
फेरी चुकली तर घाबरू नका. गणपतीपुळ्याहून जाकादेवी, राई-भातगावचा पूल, आबलोली असा रस्ता आहे. दोन तासांहून जास्त लागतात, वळणं आणि अंधार, पण रस्ता सलग आहे. धोपावे-दाभोळचं तसं नाही. तिकडे शेवटची फेरी गेली की खेड-चिपळूण असा भलामोठा वळसा. म्हणून आई बरोबर असताना दाभोळ नाही म्हणाले सगळे, ते बरोबरच.

सुकती
मग रविवार असा बसतो. साडेसातला नाश्ता, आठला निघा, साडेआठला उमामहेश्वर मंदिरामागे बामणघळ. भरतीच्या अर्धा तास आधीपासून नंतर अर्ध्या तासापर्यंत सगळ्यात चांगलं. भेग अरुंद आहे, लाट तिच्यात कोंबली जाते, आतली हवा दाबली जाते आणि पाणी वर उसळतं. तोंडावर वाकून बघायचं नाही, बाजूनं आणि वारा पाठीशी घेऊन. फवारा अंगावर येतो, मोबाइल पिशवीत. खालची जागा ओली आणि मुलांच्या हाताला धरायला काही नाही. जानेवारीत समुद्र शांत असला तर उसळी कंबरभरच दिसेल, हेही आधी सांगून ठेवा. उंच लाटांचा इशारा 'इन्कॉइस' (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) देतं, तो असेल त्या दिवशी घळीकडे फिरकू नका.
तिथून दशभुजा गणपती, गाडी वरपर्यंत जाते. दहाच्या सुमारास निघून तवसाळची अकराच्या आतली फेरी. जयगड, मग मालगुंडला केशवसुतांचं स्मारक (त्यांचा जन्म तिथलाच, १८६६). जेवण मालगुंडात किंवा पुळ्यात. गणपतीपुळे दुपारी, रांग त्या वेळी कमी. डोंगराची प्रदक्षिणा किलोमीटरभर, आईंनी नाही केली तरी चालेल. साडेतीनला परत निघा.

कातळप्रेमी (घणसोली)
उक्षी किंवा जांभरूणची कातळशिल्पं जोडता येतील का त्यात?

सुकती
नाही. सुंदर आहेत, पण उन्हात उघड्या सड्यावर, सकाळ किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडातच रेषा उठून दिसतात. दुपारी दोनला नेलंत तर जमिनीवर ओरखडे दिसतील.

पामबीच
जेवणाचं. घरमालकांना आदल्या रात्री माणसं आणि पदार्थ सांगा, सकाळी बाजारात जे येईल तेच शिजतं. "सुरमई हवीच" असा हट्ट केलात की शिळी मिळते. त्या दिवशी काय ताजं ते विचारा. बांगडा, मांदेली, कोळंबी बहुतेक असतेच. शनिवारी दुपारी घरीच जेवायचं असेल तर सांगून ठेवा की ताट एकला हवं, कारण दीडला खाली उतरायचंय. लाकडाची चूल असेल तर वेळ लागतो. आणि आई उकडीचे मोदक खातील का ते विचारा, नारळ दारचाच असतो.

कोपरीकर
अखेरचा बेत लिहितो, चूक दिसली तर सांगा.
शुक्रवार: आई जनशताब्दीनं, आम्ही पहाटे साडेचारला, चिपळुणात भेट, शृंगारतळीत खरेदी, दुपारी घर. संध्याकाळी वेळणेश्वरची वाळू.
शनिवार: साडेआठला गुहागर, व्याडेश्वर, दहाला गोपाळगड, एकच्या आत परत, जेवण, दीड ते पावणेतीन डबकी.
रविवार: सुकतींनी लिहिलं तसंच, पाचनंतरची फेरी.
सोमवार: चहा घेऊन सातला निघायचं.

दिवाळेकर
सोमवारी पावणेदहाला सगळ्यात मोठं पाणी आहे आणि तुम्ही सातला निघताय! घळ सोमवारी करा. हेदवीहून साडेदहाला निघालात तरी चिपळूण साडेबारा.

पामबीच
आणि मग माणगाव संध्याकाळी चार-पाचला, पनवेलला पोचेपर्यंत ऑफिस सुटलेलं. ठाण्यात दहा वाजतील. मंगळवारी शाळा आहे का ते बघा.

कोपरीकर
शाळा आहे. घळ रविवारीच ठेवतो. आई सोमवारी चिपळूणहून रेल्वेनंच परत.

फेरीप्रवासी
मग सोमवारी आईंची गाडी कोणती ते आधी बघा. परतीची जनशताब्दी चिपळूणला संध्याकाळी येते. सकाळी सातला निघालात तर त्यांना स्टेशनवर दिवसभर बसवावं लागेल. मांडवी एक्स्प्रेसही दुपारनंतरचीच. एकतर त्यांना गाडीतून आणा आणि दर दीड तासानं थांबा, नाहीतर दिव्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीची वेळ पाहून तिकीट काढा.